मिसळ आणि भेसळ

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, माझा एक जुना विद्यार्थी मला भेटायला आला. शिक्षकाच्या घरी जुने विद्यार्थी येतात ते बहुधा पेढे घेऊन. ह्याने मात्र खांद्यावरच्या पिशवीतून काचेच्या सहा-सात लहान बरण्या काढल्या आणि फराळाच्या ताटाशेजारी ओळीने मांडल्या. आमच्या सौभाग्यवतींनी आधी बरण्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे. कारण हा मुलगा पुण्यात काय करतो हे आमच्या गावात सर्वांना ठाऊक आहे. तो बिअर करतो. कारखान्यातली नव्हे, २००९ सालापासून पुण्यात ज्या लहान लहान भट्ट्या निघाल्या, तशा एका भट्टीत, हाताने आणि नाकाने.

“काकू, घाबरू नका,” तो म्हणाला. “ह्यात दारूचा थेंब नाही. नुसतं सामान आहे.”

वाचकांनीही घाबरू नये. मी आजवर बिअरचा घोट घेतलेला नाही आणि पुढे घ्यावा असा विचारही नाही. रसायनशास्त्राचा आणि माझा संबंध तर शालान्त परीक्षेबरोबरच तुटला. पण वास घेण्याला कुणाची हरकत असणार? मी चिवड्याची बशी बाजूला सारली आणि पहिली बरणी नाकाशी धरली.

तिच्यात सातू होते; पण साधे नव्हेत. सातू भिजवायचे, त्यांना मोड आणायचे आणि मोड जरा वाढले की ऊन हवेने वाळवायचे. ह्याला मॉल्ट म्हणतात. नाचणीचे सत्त्व करताना आपल्या आज्या ह्याच वाटेने जात. पहिल्या बरणीतल्या फिक्या दाण्यांना बिस्किटाचा वास होता. दुसरीतले दाणे तांबूस, त्यांना करपू लागलेल्या साखरेचा वास. तिसरीतले कोळशासारखे काळे. १८१७ साली डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने सातू भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले, तेव्हापासून काळ्या बिअरला हा दाणा मिळाला. स्टाउट नावाच्या बिअरला कॉफीचा वास येतो तो अशा भाजण्यातून. कॉफीचा कणही त्यात नसतो.

चौथ्या बरणीत हॉप्स नावाच्या वेलीची वाळलेली हिरवट फुले होती. बोटांत चुरडली तर लिंबाच्या सालीचा वास आला. जिभेला लावली तर कडूजहर. सुरुवातीला घालून उकळली तर ती कडवटपणा देतात, शेवटी घातली तर सुगंध. फोडणीतली कोथिंबीर आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर ह्यांत जे अंतर, तेच. पाण्याची बरणी त्याने आणली नव्हती, पण पाण्याचीही गोष्ट सांगितली. बोहेमियातल्या पिल्सेन गावचे पाणी अगदी हलके. त्यातून १८४२ साली स्वच्छ सोनेरी बिअर निघाली. इंग्लंडातल्या बर्टनचे पाणी जिप्समने जड; त्यात हॉप्सचा कडवटपणा खणखणीत उतरतो. ह्याच बर्टनची बिअर एके काळी जहाजांतून आपल्या मुंबईला आणि कलकत्त्याला येत असे.

“हे सगळं शुद्ध असतं ना रे?” मी मास्तरी सवयीने विचारले.

तो हसला. “सर, ह्या एका शब्दावर जर्मनीत पाचशे वर्षं वाद चालला आहे.”

त्याने सांगितलेली हकिकत मला इतकी मौजेची वाटली की मागाहून मी ती पुस्तकांतून पडताळून घेतली. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाच्या दोघा ड्यूकांनी, चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग यांनी, इंगोलश्टाट येथे एक हुकूम काढला. बिअर करताना सातू, हॉप्स आणि पाणी ह्यांखेरीज काहीही वापरू नये. आजचा जर्मन माणूस त्याला ‘शुद्धतेची आज्ञा’ म्हणतो आणि छाती फुगवून सांगतो. पण हे नाव त्या हुकमाला १९१८ साली मिळाले, म्हणजे चारशे वर्षांनी! मूळ हुकमाचा बराचसा भाग भावाविषयी आहे: कोणत्या ऋतूत एका मापाला किती पैसे घ्यावेत. गहू आणि राय हे धान्य भटारखान्यांसाठी राहावे, बिअरवाल्यांनी ओढून ते महाग करू नये, असाही हेतू त्यामागे होता असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे पोटाची काळजी आधी होती; शुद्धतेचा अभिमान मागाहून येऊन बसला.

आणि पोटाच्या काळजीलाही अपवाद होता. त्याच बव्हेरियात एका सरदार घराण्याला गव्हाची बिअर करण्याची खास मुभा होती. १६०२ साली ते घराणे खुंटले, तेव्हा तो हक्क ड्यूकने स्वतःकडे घेतला आणि त्यावर खजिना भरला. प्रजेच्या पिंपात पडला तर गहू निषिद्ध. धन्याच्या पिंपात पडला तर उत्पन्न.

“पण ह्या हुकमाच्या यादीत एक नाव राहिलं आहे. कोणतं, ओळखा,” तो म्हणाला.

मला ओळखता येईना. स्वयंपाकघराच्या दारातून उत्तर आले, “विरजण!” आणि पाठोपाठ स्पष्टीकरणही आले. “सातू, पाणी आणि फुलं उकळून ठेवली तर काढा होईल. त्याला आंबवतं कोण?”

मी वर्गात कुणाला इतक्या चटकन शाबासकी दिली नसेल! आंबवते ते यीस्ट. १५१६ साली ते जिवंत असते हे कुणाला माहीत नव्हते. आधीच्या पिंपाच्या तळचा गाळ नव्या पिंपात घालीत, काम होत असे, आणि कायदा करणाऱ्याला त्याचे नाव लिहिण्याची गरज वाटली नाही. आपण तरी काय करतो? दही कशाचे, असे विचारले की दुधाचे म्हणून सांगतो. पाश्चरने बिअरवरचा आपला ग्रंथ १८७६ साली काढला. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन याने यीस्टची एकच पेशी वेगळी करून तिच्यापासून पिढी वाढवली, आणि कारखान्याच्या मालकाने ते यीस्ट दुसऱ्या बिअरवाल्यांनाही फुकट वाटले. शेजारणीने वाटीत विरजण द्यावे तसे.

गव्हाच्या बव्हेरियन बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. केळे नाही, लवंग नाही. ते सारे ह्या यादीबाहेरच्या कामकऱ्याचे देणे. याहून मोठी गंमत पुढेच आहे. ज्या लागर बिअरला जर्मन लोक शुद्धतेचा मेरुमणी मानतात, तिचे यीस्ट संकरित आहे. त्याचा एक पूर्वज आपल्या पावातला परिचित यीस्ट. दुसऱ्याचा पत्ता २०११ साली लागला, तो दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या रानात, झाडावरच्या गाठींमध्ये. पुढे तो तिबेटातही सापडला. कायद्याच्या नाकाखाली शतकानुशतके एक मिश्र विवाह सुखाने नांदत होता!

बरे, परके कोणाला म्हणायचे, ह्याविषयी तरी एकमत असावे? बव्हेरियात ज्या हॉप्सवाचून बिअर शुद्ध ठरत नव्हती, तेच हॉप्स एलमध्ये घालण्यास इंग्लंडातल्या काही नगरांनी पंधराव्या-सोळाव्या शतकांत मनाई केली होती. तिथे ती परक्यांची घुसखोरी ठरली. जर्मनीतच लाइपझिगकडे गोझ नावाची बिअर करतात. तिच्यात मीठ आणि धणे असतात, आणि दह्यातल्या जातकुळीचे जीवाणू तिला आंबट करतात. तिच्यासाठी कायद्याला प्रादेशिक म्हणून डोळा झाकावा लागला. शेजारच्या बेल्जियममधल्या हूगार्डन गावी धणे आणि संत्र्याची साल घालून गव्हाची बिअर करीत. १९५० नंतरच्या दशकात तिथली शेवटची भट्टी विझली. पुढच्या दशकात पियर सेलिस नावाच्या गावच्या दूधवाल्याने ती पुन्हा पेटवली. आणि ब्रसेल्सच्या आसपास लाम्बिक करणारे तर विरजणही लावीत नाहीत. थंडीच्या दिवसांत उकळलेला रस पसरट उघड्या भांड्यात रात्रभर निवत ठेवतात. रात्रीच्या हवेतून जे येईल ते येते. पुढे लाकडी पिंपांत एक, दोन, तीन वर्षे त्याचा संसार चालतो.

इथवर आलो आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. मग काय, नियम नकोतच? कुणीही काहीही घालावे? ह्यालाही इतिहासाने उत्तर दिलेले आहे. १९०० साली मँचेस्टर आणि आसपासच्या भागात बिअर पिऊन हजारो माणसे आजारी पडली, कित्येक दगावली. बिअरमध्ये घालायच्या साखरेत सोमल होता. गरिबाने विश्वासाने पेला तोंडाला लावला आणि विष घेतले. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर खवा घेताना तुमच्या-माझ्या मनात जी धाकधूक असते ती काही खोटी नसते. नियम हवेत. ज्याला पारखता येत नाही त्याचा कैवार कुणीतरी घेतलाच पाहिजे.

तेव्हा प्रश्न दोन शब्दांमधल्या फरकाचा आहे, आणि ते दोन्ही शब्द मराठीत शेजारी शेजारी राहतात: मिसळ आणि भेसळ. धणे घालून धणे घातले म्हणून सांगितले तर ती मिसळ. जे घातले ते लपवले, किंवा ज्याने माणसाचे वाईट होते ते घातले, तर ती भेसळ. परके येण्याने वस्तू बाटत नाही, फसवणुकीने बाटते. मग एक अवघड गोष्ट उरते. ज्याने काम केले त्याचे नाव यादीतून वगळणे, ही कोणती जात? अज्ञानाने वगळले तर क्षम्य म्हणू. पण कळून सवरून वगळले तर?

हा प्रश्न मी मोठ्या समाधानाने मनात घोळवीत होतो, इतक्यात त्याने खिशातून एक कागद काढला. “सर, एक काम होतं. नवी बिअर केली आहे, गोझसारखी. दुकानात मराठी फलक लावायचा आहे. शुद्धलेखन तपासून द्या.”

कागदावर लिहिले होते: ‘गहू, सातू, मीठ, धणे. किंचीत आंबट. आमच्या आईच्या हातच्या आंबिलीची आठवण करून देणारी.’

“छान आहे,” मी म्हणालो. “पण तू घरी आईला काय म्हणतोस रे?”

“आय.”

“मग इथे आई का?”

तो मोकळेपणाने हसला. “सर, विसरलात? सातवीत तुम्हीच दोन गुण कापले होते.”

मी विसरलो नव्हतो. निबंध होता ‘आमच्या घरची दिवाळी’. त्याने लिहिले होते, ‘आयनं पणत्या लावल्या तवा सारं घर उजाळलं व्हतं.’ मी लाल शाईने ते सुधारले होते: ‘आईने पणत्या लावल्या तेव्हा सर्व घर उजळले होते.’ वाक्य शुद्ध झाले. त्या घरातली आय मात्र त्यातून उठून गेली. त्यानंतर त्याचे निबंध बिनचूक येऊ लागले, आणि मी त्यांतला एकही आज आठवून सांगू शकणार नाही.

एवढ्यावर भागते तरी बरे होते. त्याच वर्षी माझी कादंबरी आली. तिच्यातली म्हातारी ‘तवा’, ‘व्हतं’, ‘म्या’ असेच बोलते. समीक्षकांनी तिच्या भाषेचे कौतुक केले, आणि मी ते नम्रपणे स्वीकारले. ते शब्द मी कुठून उचलले होते? अशाच वह्यांतून, अशाच पोरांच्या तोंडून. माझ्या पिंपात पडले तेव्हा ते उत्पन्न होते. त्याच्या पिंपात निषिद्ध. बव्हेरियाच्या ड्यूकांना मी तासभर हसलो होतो.

हे मी त्याला सांगितले. फार नीट सांगता आले नाही. तो संकोचला आणि “जाऊ द्या सर, तेव्हा सगळेच कापायचे,” असे काहीसे म्हणाला. सौ. मध्ये काही बोलली नाही. तिने त्याच्या बशीत आणखी एक चकली ठेवली.

मग मी लाल पेन घेतले आणि कागद तपासला. ‘किंचीत’मधली दुसरी वेलांटी पहिली केली. आणि ‘आईच्या’वर काट मारून वर ‘आयच्या’ असे लिहिले.