चौथी वायर

आकुर्डीतल्या एका घरात बारावीची परीक्षा संपली आणि थोरल्या मुलीने यांत्रिक हात बांधायला घेतला. पुण्याला जाऊन तपकीर गल्लीतून तिने सामान आणलं: आर्डुइनोचा बोर्ड, चार सर्व्हो मोटर, जंपर वायरींची जुडी. ॲक्रिलिकच्या पट्ट्या मापाने कापून घेतल्या. हाताला फिरती बैठक होती, खांदा होता, कोपर होतं आणि टोकाला दोन बोटांचा चिमटा. हा हात बटणं दाबून चालवायचा नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं. माउस सरकला की हात सरकावा, आपल्या मनगटाची चाल त्याच्यात उतरावी, एवढाच तिचा ध्यास होता.

सातवीतला धाकटा भाऊ मदतीला असे. हे धर, ते आण, दिवा इकडे कर, आणि मुख्य म्हणजे कशाला हात लावू नकोस. तो सांगितलेलं सगळं करायचा.

गणित तिने एकटीने सोडवलं. खांदा, कोपर आणि मनगट जोडले की त्रिकोण होतो. त्याच्या दोन बाजू ठरलेल्या, बारा-बारा सेंटिमीटरच्या. तिसरी बाजू म्हणजे खांद्यापासून माउसने दाखवलेल्या ठिकाणापर्यंतचं अंतर. तिन्ही बाजू कळल्या की कोसाइनच्या नियमाने खांद्याचा आणि कोपराचा कोन निघतो. अंतर 24 सेंटिमीटरच्या पुढे गेलं तर त्रिकोणच होत नाही आणि प्रोग्रॅम भलतंच उत्तर देतो, म्हणून तिथे तिने कुंपण घातलं. माउस आडवा सरकवला की हात पुढे-मागे, उभा सरकवला की वर-खाली, चाक फिरवलं की बैठक फिरणार, डावं बटण दाबलं की चिमटा मिटणार. सुरुवातीला हात हलला की बोर्डच बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, कारण सगळ्या मोटर ती यूएसबीच्या पाचशे मिलीअँपिअरवर चालवत होती. मोटरींना वेगळा पुरवठा दिला, दोन्हींचं ग्राउंड एकत्र जोडलं आणि ते थांबलं.

पडद्यावर तिने हाताचं चित्र काढलं होतं. माउस हलला की चित्र हले आणि चित्रामागोमाग टेबलावरचा हात. खोडरबर उचलून डबीत टाकायचं एवढंच काम. पहिल्याच दिवशी ते जमलं आणि भावंडं नाचली.

मग खांद्याची मोटर जळली.

चित्रात काहीच चुकलं नव्हतं. चिमटा टेबलाला नुसता टेकलेला दिसत होता. म्हणजे मोटर कमी ताकदीची असणार, असं धरून तिने धातूच्या गिअरची मोठी मोटर आणली. त्या मोटरीने खांद्याची पट्टीच मोडली. मग जाड पट्टी बसवली. त्यानंतर कोपराची मोटर कुरकुरायला लागली. पैसे आजीने वाढदिवसाला दिलेले होते आणि ते संपत आले होते. धाकट्याने एकदा मोटरीवर बोट ठेवलं आणि झटकन मागे घेतलं. "हात लावू नकोस म्हटलं ना!" ती ओरडली. तो गप्प बसला.

आजोबांनी उभी हयात भोसरीत लेथवर काढली होती. संध्याकाळी ते दारात येऊन उभे राहिले, पण पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. डोळे मिटून ते ऐकत होते. चिमटा टेबलाला टेकला होता, हात स्थिर होता आणि तरीही खांद्यातून बारीक घूं घूं येत होती.

"बाळ, हा थांबलाय असं तुला कोण म्हणालं?"

"आजोबा, तुम्हीच बघा ना, पडद्यावर थांबलेलाच आहे."

"पडद्यावर तू काय सांगितलंस ते दिसतंय. त्याचं काय झालं ते कुठे दिसतंय?"

त्यांनी मोटरीची जुडी हातात घेऊन वायरी मोजल्या. तपकिरी, लाल, नारिंगी. "तपकिरी ग्राउंडची, लाल पुरवठ्याची, नारिंगीतून हुकूम जातो," ती म्हणाली. आजोबांनी विचारलं, "आणि याने काही सांगायचं म्हटलं, तर कुठून सांगेल?"

त्या प्रश्नाने तिने माउस सोडला.

सर्व्होच्या पोटात काय असतं ते तिला पाठ होतं. दर वीस मिलिसेकंदांनी एक विजेचा ठोका येतो. तो एक मिलिसेकंदाचा असेल तर मोटर एका टोकाला जाते, दोनचा असेल तर दुसऱ्या, दीडचा असेल तर मध्यावर. आपण कुठे आहोत हे मोटरीला आतल्या पोटेन्शिओमीटरवरून कळतं. हुकमातली जागा आणि स्वतःची जागा ती ताडून पाहते आणि दोन्ही जुळेपर्यंत ढकलत राहते. वाटेत टेबल आलं तरी ढकलतेच, तापते तरी ढकलतेच. आपण पोहोचलो नाही हे तिला ठाऊक असतं, पण ते बाहेर सांगायला तिच्याकडे वायर नसते.

इथे गोष्ट जरा थांबवून एका माणसाची आठवण काढावीशी वाटते. शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत रेमंड गोएर्ट्झ या इंजिनिअरने किरणोत्सारी पदार्थ जाड भिंतीआडून हाताळणारे हात बनवले. सुरुवातीच्या हातांत भिंतीच्या अलीकडची मूठ आणि पलीकडचा पंजा यांत्रिक दुव्यांनी जोडलेले होते, त्यामुळे पंजा कशाला अडला की ते मुठीला आपोआप कळे. पुढे दुवे जाऊन वीज आली तेव्हा हालचाल पोहोचवणं पुरेसं नव्हतं. पलीकडचा जोर मुठीपर्यंत परत आणायची सोय गोएर्ट्झने 1950च्या दशकात मुद्दाम केली. मला या क्षेत्रातलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. माउसमध्ये अशी सोय नाही. एंगलबार्ट या संशोधकाच्या 1964 सालच्या लाकडी माउसपासून तो हाताचं म्हणणं यंत्राकडे नेत आला आहे, आणि टेबलावरच्या साध्या माउसमधून यंत्राचं म्हणणं हाताला आजही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मोटरीचे चार स्क्रू काढले. आतल्या पोटेन्शिओमीटरच्या मधल्या पायाला एक पिवळी वायर सोल्डर केली, ती बाहेर काढून बोर्डाच्या ए-झीरो पिनला लावली. बोर्ड तिथला विजेचा दाब 0 ते 1023 मधल्या आकड्यात वाचतो. हात टोकापासून टोकापर्यंत फिरवून कोणत्या कोनाला कोणता आकडा येतो ते तिने लिहून घेतलं. मग पडद्यावर दोन हात काढले. निळा हात म्हणजे माउसने सांगितलेला आणि केशरी म्हणजे खरोखर असलेला.

हवेत दोन्ही एकमेकांवर बसत होते. टेबलाजवळ जाताच निळा खाली गेला आणि केशरी चार-पाच अंश वरच राहिला. घूं घूं सुरू झाली. इतके दिवस ती त्या अंतरावर माउस दाबत होती.

तिने प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढवल्या. दोन हातांमधलं अंतर अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकलं, तर माउसचा हुकूम बाजूला ठेवायचा आणि निळ्या हाताला केशरी हात आहे तिथे आणायचं. पुन्हा टेबलाला टेकवलं तेव्हा मोटर क्षणभर घुमली आणि शांत झाली. त्या दिवसानंतर एकही मोटर जळली नाही.

पण टेबल हिशेबाआधीच का लागतंय ते तिला कळेना. मापं तिने स्वतः घेतली होती. बराच वेळ आकडे तपासून झाल्यावर तिने मान वर केली. धाकटा दिवा धरून उभा होता, खांदा अवघडला म्हणून हात बदलत.

"दिवा ठेव खाली. बस इथे," ती म्हणाली. "तुला काय वाटतं, का लागत असेल?"

त्याने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं. खरंच विचारतेय याची खात्री झाल्यावर तो बोलायला लागला. बैठकीचा मागचा स्क्रू ढिला आहे, हात लांब गेला की सगळं पुढे झुकतं. मोटर पहिल्यापासून तापत होती, बोट भाजलं होतं त्याचं. चिमट्याचं डावं बोट उजव्याच्या आधी मिटतं, म्हणून खोडरबर निसटतं. आणि बैठक पूर्ण डावीकडे गेली की वायर कोपरात अडकते.

तिने वही ओढली.

"सावकाश सांग," ती म्हणाली. "बैठकीपासून सुरू कर."