आपल्या वाट्याची खते

संसार म्हटला की देणे आलेच. दूधवाल्याचे देणे, वाण्याची उधारी, विजेचे बिल, गॅसची टाकी, पोरांची फी. गळ्यात माळ घातली म्हणून यातून कोणाला सूट मिळत नाही. देहूस महाजनकीचे घर, दुकान, वर सावकारी, असे सगळे असून श्रीतुकोबारायांचे दिवाळे निघाले. तेथे तुमची-आमची काय कथा! आजचा विषय काही मंडळींना प्रवचनाचा वाटणार नाही. पण एकादशीला फराळ आटोपला की मंडपाच्या कडेला हेच बोलणे दबक्या आवाजात चालते. तेव्हा ते उघड बोललेले बरे. घरात दोघांपैकी एकाची पत गेली असेल, तर घरखर्च दोघांनी कसा वाटून घ्यावा?

पूर्वी माणसाची पत गावाच्या तोंडी असे. आता ती संगणकात असते. २००० साली आपल्या देशात सिबिल ही संस्था निघाली, २००५ साली या कामाचा कायदा झाला, आणि आज अशा चार संस्था कर्जदारांची नोंद ठेवतात. ३०० ते ९०० यांमधला एक आकडा. हप्ते थकले की तो उतरतो. "आमचं सिबिल खराब झालंय हो," हे लोक आता दमा वाढल्याच्या सुरात सांगतात. सांगतात ते बरे करतात. बँकेची पत्रे पिठाच्या डब्यामागे लपविणाऱ्यापेक्षा हा माणूस शतपट बरा.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. लग्नात गाठ उपरण्याला आणि शालूला बांधतात, कर्जाच्या नोंदींना नव्हे. नवऱ्याची थकबाकी बायकोच्या नोंदीत आपोआप चढत नाही, बायकोची नवऱ्याच्या चढत नाही. ती चढते सहीने. सहकर्जदार म्हणून सही केली की ते कर्ज दोघांचे. जामीन राहिले, तर १८७२ च्या करार कायद्याचे १२८ वे कलम सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामिनाची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. "नुसता अंगठा तर द्यायचाय" असे जो म्हणतो, त्याला एकतर हे ठाऊक नसते, किंवा चांगले ठाऊक असते.

येथे कोणी शंका घेईल: "बुवा, नवऱ्याने मागितली आणि बायकोने सही दिली नाही, तर ती कसली अर्धांगी?" शंका रास्त आहे. आमच्या जिजाईकडेच पाहू. तुकोबांना कोणी उसने देईना, तेव्हा या माउलीने आपल्या नावावर दोनशे रुपये काढून त्यांना व्यापारास धाडले, असे परंपरेत सांगतात. महाराजांनी व्यापार बरा केला, नफाही झाला. पण वाटेत कर्जापायी गांजलेला एक गरीब ब्राह्मण भेटला, आणि सारी रक्कम त्याला देऊन महाराज रिकाम्या हाताने घरी आले. कीर्तनात येथे टाळ्या पडतात, आमचेही डोळे भरून येतात. पण आम्ही ऐकलेल्या कीर्तनांत, जिजाईने सावकाराला पुढे काय तोंड दाखविले, हे कोणी रंगवून सांगितले नाही. तिला कजाग म्हणून हसे मात्र पिकविले. अहो, चुलीपाशी बसून ते दोनशे रुपये मोजणारी ती होती! ती बोलली, तर बोलू द्या.

आणि त्याच चरित्रात पुढचा प्रसंग पाहा. सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली, एवढेच आपण सांगतो. पण बुडविण्याआधी काय झाले? खतांचे दोन वाटे झाले. धाकटा भाऊ कान्होबा, त्याचा अर्धा वाटा त्याच्या हाती दिला. उरला तो आपला, आणि तेवढाच डोहात सोडला. महाराजांना वैराग्य झाले होते. कान्होबाला झाले नव्हते. भावाच्या वाट्यावर वैराग्य करण्याचा अधिकार आपला नाही, हे त्या महापुरुषाने त्या घटकेलाही ओळखले. घरात नेमके हेच ओळखायचे असते. भाकरी एक असावी, दुःख एक असावे. खत मात्र ज्याचे त्याचे. म्हणून सही न देणारी अर्धांगी आम्हांला कमी वाटत नाही. घरात एकाची पत गेली असता दुसऱ्याची शाबूत राहिली, तर उद्या पोरीच्या शिक्षणाला कर्ज मिळेल. दोघांची बुडाली, तर कोणाच्या दारात उभे राहावे?

मग वाटणी कशी करावी? दिंडीत भिशी भरतात, तेथे कोणाचा मागचा हिशेब कोणी विचारीत नाही. ज्याला पैसे जमत नाहीत तो पाणी वाहतो, भाकऱ्या भाजू लागतो, आणि पंगतीला सर्वांबरोबर बसतो. पण पैशाची पिशवी ज्याचा हात चोख, त्याच्याचकडे राहते. घरातही तसेच. समजा, नवऱ्याची मिळकत पंधरा हजार, बायकोची दहा. नवऱ्याच्या जुन्या कर्जाचा हप्ता पाच हजारांचा. तो हप्ता आधी काढावा. मग दोघांकडे दहा-दहा उरले, म्हणून खर्चही निम्मा-निम्मा. कोणी म्हणेल, यात बायकोवर थोडे ओझे पडतेच की. पडते. पण ते ओझे ती महिन्याच्या महिन्याला पाहून, वजन करून उचलते. सहीचे ओझे न पाहता उचलावे लागते.

बिल ज्याच्या हातून वेळेवर भरले जाते, त्याच्याकडे दुसऱ्याने आपला वाटा पगाराच्याच दिवशी द्यावा. ज्या बँकेचे देणे थकले आहे, त्याच बँकेत घरखर्चाची पुंजी ठेवू नये. बचत गटातून बायकोच्या नावाने काढलेले पैसे नवऱ्याच्या हप्त्यात घालण्याची एक खोड गावोगाव दिसते; तीही एक प्रकारची सहीच, आणि तेथे मागे शेजारणींची अब्रू टांगलेली असते.

पैसे भरणाऱ्याने मात्र जिभेला आवर घालावा. "माझ्या पैशावर जेवता" हे वाक्य एकदा ताटावर पडले की अन्न गोड लागत नाही. पत नेहमी पुरुषाचीच जाते असेही नाही, आणि जाते ती नेहमी उधळेपणाने जाते असेही नाही. दुष्काळाने तुकोबांची गेली. आज आजारपणाने जाते, गारपिटीने जाते. कधी नोंदच चुकलेली असते. प्रत्येक संस्थेकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो, तो मागवून दोघांनी शेजारी बसून वाचावा. चूक असेल तर तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ साली केला आहे. तडजोड करून कर्ज मिटविताना तर दहा वेळा विचार करावा, कारण नोंदीत "पूर्ण फेडले" असे न येता "तडजोड" असे येते, आणि पुढचा सावकार तेच आधी वाचतो.

हे बोलणे आषाढीला निघण्यापूर्वी एका संध्याकाळी, हरिपाठ झाल्यावर उरकावे. बिलाची तारीख वारीच्या दिवसांत येत असेल, तर ते आधीच भरून निघावे.