वीणेची तार



 

"गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, म्हणून हल्ली वंदनेला येत नाही," असे आपल्यातले एखादे आजोबा किंवा आजी म्हणतात, तेव्हा वाईट वाटते. जणू मांडी घालता आली नाही की ध्यानाचा हक्कच गेला! तरुणांचे उलटे. आठवडाभर संगणकापुढे बसायचे आणि शनिवारी एकदम अंग मोडेपर्यंत व्यायाम करायचा.

दोघांनीही भिक्खू सोण यांची कथा आठवावी. चंपानगरीच्या श्रीमंत घरातला हा नाजूक पायांचा तरुण. राजगृहाजवळच्या शीतवनात त्यांनी इतके चंक्रमण केले, की पाय फुटून वाट रक्ताने माखली. तरी चित्त मुक्त होईना. घरी परतावे, असे त्यांच्या मनात आले. तेव्हा भगवंतांनी त्यांना विचारले, की वीणेच्या तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? आणि फार सैल सोडल्या तर? सोण चांगले वीणा वाजवत. त्यांना लगेच उमगले. अति परिश्रमाने मन अस्वस्थ होते, अति शिथिलतेने आळसावते. प्रयत्न सम ठेवले आणि पुढे ते अर्हत झाले.

सावकाश केलेली योगासने आणि संथ चंक्रमण ही अशीच सम लावलेली तार आहे. खुर्चीवर ताठ बसा. श्वास घेताना हात हळूहळू वर न्या, सोडताना खाली आणा. मान, खांदे, घोटे सावकाश फिरवा. दुखू लागले की थांबा. जुना आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मग घरातच दहा-पंधरा पावले जा आणि परत या. पाऊल उचलले, पुढे नेले, टेकले, एवढेच जाणा. घाईत शरीर हलते, पण मन भलतीकडे असते. सावकाश हालचालीत दोघे एकत्र येतात. हीच कायानुपश्यनेची सुरुवात.

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची ताकद, प्रयत्नांची ताकद, आरोग्य, अन्नाचे पचन आणि दीर्घकाळ टिकणारी समाधी. परदेशातल्या हिवाळ्यात, दुपारी चारलाच अंधार पडून मन खचते, तेव्हा यासाठी ना मैदान लागते ना पैसे.

कथेचा शेवटही लक्षात ठेवू या. भगवंतांनी सोण यांना एका थराच्या तळाची पादत्राणे वापरायची अनुमती दिली. सोण म्हणाले, की संघाला मिळणार असतील तरच मी घेईन. मग ती सर्व संघाला मिळाली.

म्हणून पुढच्या वंदनेला खुर्च्या मागे कोपऱ्यात नकोत, सर्वांच्या ओळीतच मांडू या. सुरुवातीची दहा मिनिटे सगळे मिळून सावकाश अंग मोकळे करू या. आणि जे गुडघ्यांमुळे घरी थांबले आहेत, त्यांना आजच फोन करा.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!