पंचांगाच्या पानातले मिरे

लेक यंदा चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसली आहे. विष्णुपुरीतल्या आमच्या घरी रोज संध्याकाळी ती स्टुलावर जुनी चादर अंथरते, तिच्यावर तांब्या, दोन वांगी आणि चिरलेलं लिंबू मांडते. जलाशयाकडच्या खिडकीतून तिरपं ऊन येतं, तेवढ्या वेळात स्थिरचित्राचा सराव.

काल तिला पीटर क्लाझचं चित्र दाखवलं. हार्लेमचा हा डच चित्रकार; चित्र १६२७चं, अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं, सव्वा मीटरहून जास्त रुंद. टेबलावर पिसांनी सजवलेला टर्कीचा भाजलेला ‘पाय’ (pie), कालवं, ऑलिव्ह, सोललेलं लिंबू. व्यापाराने श्रीमंत झालेल्या देशाचा थाट. माझी नजर मात्र एका पुडीवर अडली. छापील कागदाची शंकूसारखी गुंडाळी आणि तिच्यात मिरे. कागद पंचांगाचा आहे. जुनंच असणार, चालू वर्षाचं पंचांग कोण फाडतं? मिरे हिंदुस्थानातून गेलेले, असं संग्रहालय सांगतं. कित्येक महिने समुद्रावर काढून आलेला हा महागामोलाचा जिन्नस, आणि त्याला आधार कशाचा, तर सरलेल्या दिवसांच्या पानाचा.

लहानपणी वाण्याकडून आलेली जिऱ्याची, हिंगाची पुडी सोडली की आम्ही आधी कागद वाचायचो. अर्धी बातमी, कुणाच्या तरी वहीतलं गणित. ती पुडी चित्रात काढण्यासारखी असेल, असं कधी मनात आलं नाही. क्लाझने चांदीचा मुलामा दिल्यासारखा चमकणारा कथलाचा सुरईदार चंबू जितक्या जिवापाड रंगवला, तितकीच ही चुरगळलेली पुडीही. त्याच्या ब्रशला दोहोंत भेद करावासा वाटला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्या चंबूत समोरचं टेबलही उमटलं आहे, हे लेकीने हेरलं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

आज तिने मागच्या महिन्याचं कॅलेंडरचं पान फाडून त्यात मूठभर मिरे ओतले आणि पुडी वांग्यांशेजारी आडवी ठेवली. दोन-चार मिरे चादरीवर घरंगळले, ते तिने तसेच राहू दिले. मी मागे उभा राहून पाहत होतो. पेन्सिल थांबली.

“बाबा, सरका ना जरा. तांब्यात तुम्ही दिसू लागलात.”

मी सरकलो. मग थोडा वेळ तांब्याकडे बघून तीच म्हणाली, “नाही, राहू द्या. उभे राहा तिथंच.”