कंपनी वाचली, माणसांचे काय?

एखादा उद्योग डबघाईला आला की त्याला सावरण्यासाठी कोणीतरी कणखर माणूस आणावा लागतो, हे आता सर्वमान्य झाले आहे. तो खर्चाला कात्री लावतो, तोट्याची कामे बंद करतो, माणसे कमी करतो आणि दोन-तीन वर्षांत ताळेबंद पुन्हा नफ्याकडे झुकतो. मग त्याचे सर्वत्र कौतुक होते. त्या कौतुकात आम्हांलाही सामील व्हावेसे वाटते, कारण बंद पडलेला कारखाना कोणाचेच पोट भरत नाही. तथापि एक प्रश्न मागे उरतोच. ज्यांना उतरवून जहाज किनाऱ्याला लावले, त्या माणसांचे तो काही देणे लागतो की नाही? हा प्रश्न केवळ भावनेचा आहे असे म्हणून बाजूला सारता येणार नाही. तो न्यायाचा प्रश्न आहे.

जपान एअरलाइन्सचे उदाहरण या संदर्भात विचार करण्याजोगे आहे. १९५१ साली स्थापन झालेल्या या विमान कंपनीने १९ जानेवारी २०१० रोजी टोकियोच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिच्या डोक्यावर सुमारे २ लाख ३० हजार कोटी येनचे कर्ज होते. सरकारने ज्यांना पाचारण केले ते काझुओ इनामोरी अध्यक्षपदी बसले तेव्हा ७८ वर्षांचे होते. क्योसेरा हा उद्योग त्यांनी १९५९ साली उभारला होता आणि १९९७ साली बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन ते भिक्षूही झाले होते. विमान वाहतुकीचा मात्र त्यांना काडीचाही अनुभव नव्हता. त्यांनी १ फेब्रुवारी २०१० रोजी सूत्रे हाती घेतली आणि वेतन घेण्याचे नाकारले.

कंपनीत त्यांना काय आढळले? कोणत्या मार्गावर नफा होतो आणि कोणत्या मार्गावर तोटा, याचा नेमका हिशेब वेळेवर कोणालाच ठाऊक नसे. म्हणून त्याची जबाबदारीही कोणावर नसे. इनामोरींनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना विद्यार्थ्यांसारखे वर्गात बसवले आणि त्यांना हिशेबाबरोबर सदाचाराचेही पाठ दिले. कामाचे लहान लहान गट पाडून प्रत्येकाची मिळकत व खर्च दरमहा सर्वांसमोर ठेवण्याची पद्धत त्यांनी घातली. कंपनीच्या ध्येयात त्यांनी अग्रस्थान दिले ते भागधारकांच्या लाभाला नव्हे, तर सर्व कर्मचाऱ्यांच्या ऐहिक आणि मानसिक सुखाला.

या पुनरुज्जीवनाचा भार अनेकांनी उचलला. सरकारी निधीतून ३५ हजार कोटी येन आले. बँकांनी ५० हजार कोटी येनहून अधिक कर्जावर पाणी सोडले. जुन्या भागधारकांचे शेअर कवडीमोल झाले. निवृत्तांनीही आपल्या पेन्शनमधील कपात बहुमताने मान्य केली. सुमारे ४८ हजार कर्मचाऱ्यांपैकी १६ हजारांच्या आसपास कमी झाले. त्यांतील बहुसंख्य स्वेच्छानिवृत्तीने किंवा उपकंपन्या विकल्यामुळे गेले. मार्च २०११ अखेरच्या वर्षात कंपनीला १८ हजार ८०० कोटी येनचा व्यावसायिक नफा झाला. १९ सप्टेंबर २०१२ रोजी तिचे शेअर पुन्हा बाजारात आले आणि सरकारी निधीला घातलेल्या पैशाच्या जवळजवळ दुप्पट रक्कम परत मिळाली. हे यश लहान नव्हे.

आता त्याच यशाच्या पोटातील एक आकडा पाहू. ३१ डिसेंबर २०१० रोजी ८१ वैमानिक आणि ८४ विमान कर्मचारी अशा १६५ जणांना सक्तीने कामावरून काढण्यात आले. त्यांची निवड करताना वय आणि आजारपणाच्या रजा हे निकष लावण्यात आले. ते न्यायालयात गेले. तेथे साक्ष देताना इनामोरींनी मान्य केले, की केवळ हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर या माणसांना ठेवणे अशक्य नव्हते. न्यायालयांनी बडतर्फी वैध ठरवली आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयातही कर्मचारी हरले. पुढे २०१६ साली त्याच न्यायालयाने एक वेगळी गोष्टही कायम केली: संपाच्या मतदानाबाबत कामगार संघटनांवर आणलेला दबाव अनुचित होता.

येथे कोणी म्हणेल की ३२ हजार नोकऱ्यांपुढे १६५ नोकऱ्या म्हणजे काय! कंपनी बुडाली असती तर सगळेच रस्त्यावर आले असते. हे म्हणणे खोटे नाही. आपल्या मुंबईत मुख्यालय असलेली जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली, तेव्हा हजारो कुटुंबांचे थकलेले पगार आणि मुलांची शिक्षणे अधांतरी राहिली. ती पुन्हा उडवण्याचे प्रयत्न पाच वर्षे चालले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढण्याचा आदेश दिला. कठोर निर्णय टाळणे म्हणजे दया नव्हे, हे अशा वेळी कळते. आणखी एक युक्तिवाद आहे आणि तो अधिक वजनदार आहे. बँका व निवृत्त मंडळी यांनी आपला हक्क सोडला तो एका ठरलेल्या योजनेवर विश्वास ठेवून. ती योजना मध्येच सैल केली असती, तर त्यांच्याशी दगाफटका झाला नसता काय?

आम्हांला हा युक्तिवाद मोलाचा वाटतो, पण पुरेसा वाटत नाही. योजनेतील आकडा गरजेपोटी ठरलेला असतो. गरज सरल्यावरही तो आकडा पाळायचा म्हणून पाळला, तर माणूस आकड्यासाठी खर्ची पडतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ सालच्या आपल्या परिपत्रकात नफ्याचे योग्य स्थान मान्य केले आहे. परंतु हिशेब चोख असतानाही माणसांची अवहेलना होऊ शकते, हेही त्यांनी तेथेच बजावले आहे.

मग केवळ दयाळूपणा पुरेल काय? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात माल्डन मिल्स नावाची कापड गिरणी होती. ११ डिसेंबर १९९५ रोजी ती आगीत भस्मसात झाली. मालक ॲरन फॉयरस्टीन यांनी विम्याचे पैसे घेऊन घरी न बसता त्याच गावात गिरणी पुन्हा बांधली आणि काम नसलेल्या कामगारांना कित्येक आठवडे पगार दिला. सारा देश त्यांना धन्य म्हणाला. परंतु पुनर्बांधणीचे कर्ज आवाक्याबाहेर गेले. २००१ साली कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि पुढे त्यांच्या हातून गेली. त्यांचे कृत्य यामुळे चुकीचे ठरत नाही. मात्र चांगुलपणा कर्जाचे व्याज फेडत नाही, हेही विसरता येत नाही.

या दोन टोकांमध्ये योना संदेष्ट्याच्या गोष्टीतील खलाशी आम्हांला मार्गदर्शक वाटतात. वादळ उठताच त्यांनी आधी माल समुद्रात टाकला. दोष कोणाचा हे कळल्यावर आणि योना स्वतः तयार असतानाही त्यांनी त्याला लगेच फेकले नाही. किनारा गाठण्यासाठी जिवाच्या आकांताने वल्ही मारली. सारे उपाय थकल्यावर, या जिवाचा दोष आमच्यावर येऊ नये अशी देवाकडे याचना करीत, त्यांनी त्याला उचलले. कंपनी तारणाऱ्याची कसोटी हीच असावी. वरच्यांची चैन व मालमत्ता आधी गेली काय? स्वतः वल्हे मारून पाहिले काय? आणि माणूस उतरवताना त्याला चरबी, गाळ, ओझे अशी नावे तर दिली नाहीत ना?

इनामोरी विनावेतन राबले. पहिल्या दोन प्रश्नांना त्यांचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. परंतु म्हातारे आणि आजारी यांनाच निवडणे म्हणजे ज्यांना पोहता येत नाही त्यांना आधी पाण्यात लोटणे होय. शिवाय योनाच्या खलाशांना ठाऊक नव्हता असा एक मार्ग कंपनीला खुला असतो: वादळ शमल्यावर माघारी वळण्याचा. जपान एअरलाइन्सने पुढे नवी भरती केली. त्या दारातून आत येण्याचा पहिला हक्क, आमच्या मते, काढलेल्यांचा होता. कायदा तो मान्य करो वा न करो, नफ्यातील तो त्यांचा वाटा होता.

आपल्या कुटुंबांतील कोणी बँकेत, कोणी पतपेढीत, कोणी कारखान्यात अधिकारपदी आहेत. कपातीच्या यादीवर सही करण्याची वेळ त्यांच्यावर येऊ शकते. त्यांनी सही करूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या यादीची एक प्रत त्यांनी जपून ठेवावी आणि चांगले दिवस आल्यावर ती पुन्हा उघडून वाचावी.