कोणाच्याच खात्यावर नसलेला धूर

पर्यटनातून होणारे कार्बन उत्सर्जन कोणत्या देशाच्या नावे मांडायचे, हा प्रश्न हवामान बदलाच्या चर्चेत अजून नीट सुटलेला नाही. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या उदाहरणावरून तो समजून घेता येतो. ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याहून पायी सेगावला आले. पुढे या गावाचे नाव सेवाग्राम झाले. माती आणि बांबूची बापू कुटी पाहायला आज देशोदेशींचे लोक येतात.

लंडनहून येणाऱ्या पाहुण्याला मुंबईपर्यंत सुमारे ७,२०० किलोमीटर उडावे लागते. विमानप्रवासात माणशी दर किलोमीटरला सरासरी ९० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर जाऊन येऊन सुमारे १.३ टन होतो. भारतातील एका माणसाच्या वाट्याला वर्षभरात साधारण दोन टन येतो. उंचावर विमानामागे उमटणारे पांढरे पट्टेही उष्णता अडवतात. त्यांचा परिणाम या आकड्यात नाही.

पाहुण्याची मुंबई–नागपूर विमानफेरी, तिथून वर्ध्यापर्यंतच्या मोटारीचे डिझेल आणि निवासातील वीज हे सारे भारताच्या हिशेबात येते. मात्र तेही ‘पर्यटन’ म्हणून नव्हे, तर वाहतूक, वीज अशा खात्यांत विखुरलेले असते. २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे तुकडे जोडले, तेव्हा २०१९ मधील जागतिक उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा ८.८ टक्के निघाला.

लंडन–मुंबई उड्डाणाचा धूर मात्र कोणत्याच देशाच्या एकूण बेरजेत धरला जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारानुसार आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे इंधन देश वेगळ्या नोंदीत दाखवतात. १९९७ च्या क्योटो कराराने हे उत्सर्जन आटोक्यात आणण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे सोपवली. तिच्या ‘कोर्सिया’ योजनेत २०२७ पासून भारतही सहभागी होईल. ठरलेल्या पातळीपेक्षा जास्त उत्सर्जनाची भरपाई विमान कंपन्यांनी कार्बन क्रेडिट विकत घेऊन करायची, असे तिचे स्वरूप आहे. पण अशा खरेदीने विमानातून निघणारा धूर कमी होत नाही.

देशांतर्गत विमानप्रवासाला मात्र पर्याय आहे. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे लोहमार्ग वर्धा-सेवाग्राम परिसरात एकत्र येतात आणि दोन्हींवर विजेची गाडी धावते. वीज प्रामुख्याने कोळशाची असली, तरी शेकडो प्रवासी एकदम ओढणाऱ्या गाडीत माणशी उत्सर्जन विमानापेक्षा बरेच कमी पडते. छोट्या पल्ल्याच्या विमानाचे बरेच इंधन तर उंची गाठण्यातच जळते. शिवाय सौर आणि पवन वीज वाढेल तशी तीच गाडी अधिक स्वच्छ होत जाते. विमानासाठी पर्यायी इंधन अजून महाग आणि अपुरे आहे; आंतरराष्ट्रीय उड्डाणांत त्याचे मिश्रण २०३० पर्यंत पाच टक्क्यांवर नेण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे.

वर्ध्याच्या मगनवाडीत काम केलेले गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ च्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये संपणाऱ्या साठ्यांवर उभी अर्थव्यवस्था आणि निसर्गाच्या चक्रात टिकणारी अर्थव्यवस्था यांतील भेद मांडला. विमानाचे इंधन पहिल्या प्रकारातले आहे. म्हणून त्याचा धूर बिनहिशेबी राहू नये; प्रत्येक आंतरराष्ट्रीय उड्डाणाचा भार निघणाऱ्या आणि पोहोचणाऱ्या देशांनी आपल्या बेरजेत वाटून घेणे न्याय्य ठरेल. पर्यटन वाढवण्याच्या योजना आखताना पाहुण्यांच्या संख्येबरोबर ते कशाने येतात याचीही नोंद ठेवली, तर नागपूरच्या विमानतळाइतकेच सेवाग्रामच्या स्थानकाकडेही लक्ष द्यावे लागेल.