बंदी हजर करा

१७७१ सालची गोष्ट. थेम्स नदीत जमैकाला निघालेलं 'ॲन अँड मेरी' हे जहाज उभं होतं आणि त्यावर जेम्स सॉमरसेट साखळदंडांत पडला होता. आफ्रिकेतून पकडून आणलेला हा गुलाम. मालकाने अमेरिकेतून लंडनला आणल्यावर तो पळाला होता, पुन्हा सापडला होता. आता जमैकात त्याला विकायचं होतं.

त्याला स्वतःला काहीच करता येण्यासारखं नव्हतं. पण लंडनमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाठीशी उभे राहिलेले तिघे कोर्टात गेले. त्यांच्या मदतीला होता बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारा अर्ज, आणि त्याच्याही मागे १२१५ ची मॅग्ना कार्टा. खरं तर ती सनद राजाकडून लिहून घेतली सरदारांनी, स्वतःसाठी. गुलामाचा विचार त्यांच्या मनातही नसणार. पण न्यायाशिवाय कुणाला डांबायचं नाही, हे एकदा लिहिलं गेलं, की पुढे ते कुणाच्या कामी येईल हे लिहिणाऱ्याच्या हाती राहत नाही.

न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी कप्तानाला हुकूम सोडला: माणूस हजर करा आणि कोणत्या कायद्याने डांबलाय ते सांगा. मालकाचे वकील महिनोन्‌महिने भांडले. हा सुटला तर इंग्लंडमधल्या हजारो गुलामांच्या किमतीचं काय, असं विचारू लागले. मॅन्सफील्डही कचरत होते. तरी २२ जून १७७२ ला त्यांनी सांगितलं, की माणसाला असं बळजबरीने नेण्याची मुभा देणारा कायदा इंग्लंडमध्ये नाही. सॉमरसेट सुटला. साम्राज्यातली गुलामी मोडणारा कायदा व्हायला मात्र १८३३ उजाडलं.

हाच अर्ज आपल्याकडे आणीबाणीत नाकारला गेला. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी बंद्यांसमोर दार लावून घेतलं. एकटे हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले आणि त्यापायी सरन्यायाधीशपदाला मुकले. त्या चौघांत यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये त्यांचेच पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी तो निकाल चुकीचा असल्याचं लिहिलं.

आज कोठडीतल्या माणसासाठी त्याचा नातेवाईक किंवा मित्रही कलम २२६ खाली उच्च न्यायालयात हा अर्ज करू शकतो. ओळखीतलं कुणी कारण न सांगता उचललं गेलं, तर घरी बसू नका. अर्ज करा.